चुटक्यांविना ‘वेस्ट साइड स्टोरी’

प्रश्न : २०२०च्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीला जातोय. तिनं ब्रॉडवेवरच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ची तिकिटं काढून ठेवली आहेत. सिनेमा मी कॉलेजात असताना मुंबईला मॅटिनीला पाहिला होता आणि पुढे कॅसेट झिजेपर्यंत गाणी ऐकली. आता मुलगी सांगते की बेल्जियमहून कुणी दिग्दर्शक आलाय, त्यानं नाच सगळे बदललेत, एक गाणं गाळलंय आणि मध्यंतरही काढून टाकलंय. दुसऱ्याच्या नाटकात इतकी ढवळाढवळ करायला परवानगी कशी मिळते? आणि आम्ही काय मनात धरून जावं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : परवानगी रीतसर मिळालेली आहे, हे आधी सांगून टाकतो. ब्रॉडवेवर म्युझिकलचं एक अक्षर किंवा एक स्वर हलवायचा तर लेखक, गीतकार आणि संगीतकार यांची संमती लागते. ते हयात नसतील तर वारसांची. निर्माता कितीही बडा असो, यातून सुटका नाही. ‘वेस्ट साइड स्टोरी’चे कर्ते चार : संगीत लेनर्ड बर्न्स्टाइनचं, गीतं स्टीफन सॉन्डहाइमची, संहिता आर्थर लॉरेन्ट्सची आणि मूळ कल्पना, दिग्दर्शन व नृत्यरचना जेरोम रॉबिन्सची. चौघांपैकी २०२०च्या सुरुवातीला सॉन्डहाइम तेवढे हयात होते, नव्वदीला टेकलेले. बाकी तिघांचे हक्क वारसांकडे आणि विश्वस्तांकडे. या सगळ्यांनी मान डोलावल्यावरच बेल्जियमचे दिग्दर्शक ईवो व्हान होव्ह यांनी तालमी सुरू केल्या. आपल्याकडे ‘सौभद्र’ कुणीही बसवावं आणि पदं हवी तेवढी ठेवावीत. अण्णासाहेब किर्लोस्कर जाऊन १३० वर्षं उलटली, विचारायचं कुणाला? १९५७च्या अमेरिकन नाटकाला ती मोकळीक मिळायला अजून तीसेक वर्षं आहेत.

‘सौभद्रा’चं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. मुळात त्यात शंभराहून जास्त पदं. आज आपण जो तीन तासांचा प्रयोग पाहतो त्यात त्यांतली मूठभर उरलेली असतात, आणि त्याबद्दल कुणी संपादकांना पत्र लिहीत नाही. मात्र आपण जे पद ऐकायला म्हणून आलो तेच गाळलेलं निघालं की थिएटरात चुळबूळ सुरू होते. न्यूयॉर्कमध्ये २०२०च्या सुरुवातीला दिसली ती हीच चुळबूळ. गंमत म्हणजे ती नाटकाचं उद्घाटन होण्याआधीच सुरू झाली.

तक्रारींच्या यादीत सगळ्यात वर नाच आहेत, आणि ते समजण्यासारखं आहे. २६ सप्टेंबर १९५७ला विंटर गार्डन थिएटरात हे नाटक पहिल्यांदा न्यूयॉर्ककरांसमोर आलं, तेव्हा लोकांना धक्का बसला तो त्यातल्या नाचानंच. रोमिओ-ज्युलिएटची गोष्ट न्यूयॉर्कच्या पश्चिम भागातल्या गल्लीत आणलेली. मोंटेग्यू आणि कॅप्युलेट घराण्यांच्या जागी पोरांच्या दोन टोळ्या. ‘जेट्स’ तिथलेच गोरे, ‘शार्क्स’ प्वेर्तो रिकोहून आलेले. पडदा उघडतो तेव्हा कुणी बोलत नाही, कुणी गात नाही. पोरं नुसती उभी असतात, चुटक्या वाजवत. मग एक जण चालायला लागतो, चालता चालता त्याचा खांदा जरासा उचलला जातो, पाय लांब पडतो, आणि चालणं कुठं संपलं नि नाच कुठं सुरू झाला हे कळायच्या आत अख्खी टोळी हवेत असते. ही करामत रॉबिन्सची. ब्रॉडवेवर तालमींना साधारण चार आठवडे मिळत, त्यानं आठ मागून घेतले. दोन टोळ्यांच्या नटांना तालमीबाहेर एकमेकांत मिसळू द्यायचं नाही, असा त्याचा दंडक होता. तेव्हापासून हे नाटक कुठंही झालं तरी बहुधा त्याचेच नाच त्याबरोबर जातात. पाठांतर केल्यासारखे पिढ्यानपिढ्या हाती आलेले नाच आहेत ते.

व्हान होव्ह यांनी ते सगळे बाजूला ठेवले. नव्या नृत्यरचनेसाठी त्यांनी आपल्याच देशातल्या आन तेरेसा द केअर्समाकर यांना बोलावलं. या बाईंचा ब्रॉडवेशी आजवर काडीचा संबंध नव्हता. १९८२ साली स्टीव्ह राइशच्या संगीतावर ‘फाझ’ नावाची रचना करून त्या पुढे आल्या. एकच हालचाल पुन्हा पुन्हा करत, हळूहळू सरकवत नेणं ही त्यांची खूण. प्रेक्षकाला खूश करण्याचा सोस त्यांना कधीच नव्हता. तेव्हा चुटक्यांची आशा धरून जाऊ नका.

एक गोष्ट मात्र जुन्या नाचांसाठी गळा काढणारे विसरतात. मूळ प्रयोगातले नाचही एकट्या रॉबिन्सचे नव्हते. पीटर जेनारो हा त्याचा सह-नृत्यदिग्दर्शक होता आणि शार्क्सच्या नाचांत त्याचा हात मोठा होता. श्रेयनामावलीत नाव असूनही लोकांच्या तोंडी ते राहिलं नाही, एवढंच.

आता तुमच्या सिनेमाकडे येतो, कारण इथं तुम्हाला थोडं दुखवावं लागणार आहे. तुमच्या मनातली ‘वेस्ट साइड स्टोरी’ ही मुळातली नव्हेच. १९६१च्या सिनेमानं दहा ऑस्कर मिळवली आणि जगभर तोच ‘मूळ’ होऊन बसला. पण त्यात किती उलथापालथ आहे पाहा. पोलिसांची टर उडवणारं ‘ऑफिसर क्रपकी’ हे गाणं नाटकात दोन खून पडल्यानंतर येतं, सिनेमात बरंच आधी. ‘कूल’ नाटकात मारामारीपूर्वी, सिनेमात नंतर. ‘अमेरिका’ हे गाणं नाटकात फक्त बायकांचं आहे. सिनेमात ती स्त्री-पुरुषांची जुगलबंदी झाली आणि त्यासाठी शब्दही नवे लिहिले गेले. सिनेमातली नायिका नाटली वुडचं गाणं तर मार्नी निक्सननं गायलेलं, आपल्या पार्श्वगायनासारखं. पुढे २००९मध्ये खुद्द लॉरेन्ट्सनं, वयाच्या नव्वदीत, हे नाटक पुन्हा ब्रॉडवेवर बसवलं, तेव्हा शार्क्सचे संवाद आणि काही गाणी स्पॅनिशमध्ये केली. भाषांतर लिन-मॅन्युएल मिरांडाचं. काही महिन्यांनी त्यातला काही भाग गुपचूप पुन्हा इंग्रजीत आला. म्हणजे मूळ कर्त्यालाही हे नाटक जसंच्या तसं ठेववलं नव्हतं. ढवळाढवळ बेल्जियमहून आलेल्या माणसानं सुरू केली असं म्हणता येत नाही.

आणि ‘परदेशी माणसाला आमचं म्युझिकल काय कळणार’ असा जो सूर काही अमेरिकनांनी लावलाय, त्यावर हसू येतं. अमेरिकन म्युझिकलचा पाया मानलं जातं ते ‘ओक्लाहोमा!’. १९४३मध्ये ते बसवलं रूबेन मामूलियाननं. हा तिबिलिसीत जन्मलेला आर्मेनियन, मॉस्कोत आणि लंडनमध्ये घडलेला. ‘पोर्गी अँड बेस’ आणि ‘कॅरूसेल’ही त्याचीच. बर्न्स्टाइन आणि रॉबिन्स, दोघांचेही वडील रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू. ‘घरचं’ आणि ‘परकं’ ही वाटणी करायला ब्रॉडवे ही फारच गैरसोयीची जागा आहे.

गाळलेलं गाणं म्हणजे ‘आय फील प्रिटी’. याबाबतीत मी दिग्दर्शकाच्या बाजूनं नाही, पण त्याची अडचण मला कळते.

नाटकात हे गाणं दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला येतं. पहिला अंक संपतो तेव्हा जेट्सचा म्होरक्या रिफ आणि शार्क्सचा म्होरक्या बर्नार्डो, दोघंही मरून पडलेले असतात. बर्नार्डो हा नायिका मारियाचा भाऊ, आणि त्याला मारणारा टोनी तिचा प्रियकर. मध्यंतर होतं, प्रेक्षक पाय मोकळे करून परततात, पडदा उघडतो, तर मारिया मैत्रिणींसोबत आनंदानं गिरक्या घेत गातेय. तिला काहीच ठाऊक नाही, आपल्याला सगळं ठाऊक आहे. गाणं जितकं खुशीत तितकं ते ऐकवत नाही. जागा इतकी नेमकी आहे की ती सोडणं म्हणजे हातचा एक्का टाकून देणं. सिनेमात हेच गाणं मारामारीच्या आधी येतं. म्हणून तुम्हाला ते नुसतं गोड आठवत असेल.

पण व्हान होव्ह यांनी मध्यंतरच काढल्यावर त्या जागेचा अर्थच बदलतो. मधला श्वास नाही, त्यामुळे प्रेतांवरून थेट गिरक्यांवर जाणं त्यांना विसंगत वाटलं असणार. शिवाय सॉन्डहाइमना स्वतःलाच हे गाणं टोचत असे. ते लिहिलं तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. प्वेर्तो रिकोहून नुकतीच आलेली साधी पोर इतकी चतुर, आतल्या आत यमकं जुळवणारी इंग्रजी बोलेल का, असा प्रश्न शेल्डन हार्निक या गीतकार मित्रानं रंगीत तालमीनंतर काढला. सॉन्डहाइमनी लगेच सोपा पाठ लिहून आणला, पण सहकाऱ्यांनी तो धुडकावला. पुढची साठ वर्षं ते या गाण्याबद्दल अवघडून बोलत राहिले. तेव्हा गाणं कापायला त्यांची हरकत नसणं यात नवल नाही. माझं म्हणणं इतकंच की गीतकाराला आपल्या शब्दांची लाज वाटली, तरी नाटकातली जागा त्या शब्दांहून मोठी असते.

बाकी संगीताला फारसा धक्का लागलेला नाही आणि खरी मेजवानी तिथंच आहे. सांगलीचा माणूस म्हणजे गाण्याचा कान असणारच, म्हणून एक खूण सांगून ठेवतो. ‘मारिया’ हे गाणं आठवा. तिच्या नावाची तीन अक्षरं म्हणजे तीन स्वर : सा, तिथून थेट तीव्र मध्यमावर उडी, आणि लगेच पंचमावर विसावा. षड्जाला तीव्र मध्यम किती खुपतो हे तुम्हाला सांगायला नको. आता ‘कूल’ची सुरुवात ऐका, तेच तीन स्वर, फक्त इथं पंचमावर सुटका झाल्यासारखी वाटत नाही. सुरुवातीच्या मारामारीत ब्रास वाद्यं जी हाक देतात, तिच्यातही हाच तीव्र मध्यम दडलाय. प्रेम आणि सुरी, दोन्ही बर्न्स्टाइननं एकाच अंतरातून काढली. आणि नाटक संपताना, सगळे स्वर शांत होऊ पाहतात तेव्हा, खर्जात पुन्हा तोच खुपणारा मध्यम वाजतो. भांडण मिटलेलं नाही, हे शब्दांशिवाय सांगणारा. हे एकदा कानावर आलं की रंगमंचावर कुणी काय नाचतंय याची चिंता थोडी कमी होते.

आता या दिग्दर्शक गृहस्थांबद्दल. ईवो व्हान होव्ह १९५८चे. २००१मध्ये ते ॲमस्टरडॅमच्या सगळ्यात मोठ्या नाटकमंडळीचे प्रमुख झाले. नेपथ्य आणि प्रकाशयोजना कायम यान व्हेर्सवेफेल्ड यांची. हे दोघं आयुष्याचेही जोडीदार आहेत. व्हान होव्ह यांचा खाक्या साधारण असा : वर्षानुवर्षांची सजावट उतरवायची, नटांना रिकाम्या जागेत उभं करायचं आणि तिथं कॅमेरा आणायचा. ‘रोमन ट्रॅजेडीज’ या सहा तासांच्या प्रयोगात त्यांनी शेक्सपिअरची तीन नाटकं सलग जोडली आणि प्रेक्षकांना रंगमंचावर येऊन बसायची मुभा दिली. आर्थर मिलरचं ‘अ व्ह्यू फ्रॉम द ब्रिज’ बसवलं तेव्हा नट अनवाणी, खुर्ची-टेबलांचा पत्ता नाही, आणि शेवटी सगळ्यांवर रक्ताचा पाऊस. त्यासाठी २०१६मध्ये दिग्दर्शनाचं टोनी पारितोषिक मिळालं. म्हणजे ब्रॉडवेला ते नवखे नाहीत. नवखं आहे ते त्यांच्या हाती इतकं लाडकं म्युझिकल येणं.

१० डिसेंबर २०१९पासून पूर्वप्रयोग चालू झाले. ही पद्धत आपल्याकडे नाही. तिकीट लावून प्रयोग होतात, दुपारी दुरुस्त्या होतात, रात्री पुन्हा प्रयोग, आणि समीक्षक शेवटी येतात. उद्घाटन ६ फेब्रुवारी २०२०ला ठरलं होतं, पण टोनीचं काम करणाऱ्या आयझॅक पॉवेलचा गुडघा दुखावल्यानं ते २० फेब्रुवारीवर गेलं. तुम्ही पोहोचाल तोवर प्रयोग पक्का बसलेला असेल. पूर्वप्रयोग पाहून आलेले सांगतात ते असं : मागची अख्खी भिंत व्हिडिओनं व्यापलेली. काळ १९५७चा नाही, आजचा. डॉक या पात्राचं दुकान आणि कपडे शिवण्याची खोली मागच्या कोनाड्यांत, तिथं काय चाललंय ते कॅमेरा आणून पडद्यावर दाखवतो. मारामारी पावसात. सगळा खेळ पावणेदोन तासांत खलास.

माझा अंदाज विचाराल तर हिंसा अंगावर येईल. ती या दिग्दर्शकाला जमतेच. त्या पोरांच्या मागे कुणी नाही, पोलीस आहेत तेही त्यांच्या जिवावर उठलेले, हा या नाटकाचा गाभा ते चुकवणार नाहीत. आजच्या अमेरिकेत स्थलांतरितांविषयी जे बोललं जातं त्यावर हे नाटक थेट बोट ठेवतं, आणि गुळगुळीत झालेल्या प्रयोगांत ते बोट दिसेनासं झालं होतं. भीती आहे ती कोवळेपणाची. जिन्यावरचा प्रसंग, लुटुपुटीचं लग्न, पोरांचा वात्रटपणा, यांना कॅमेऱ्याची गरज नसते. चेहरा चाळीस फूट मोठा करून दाखवला म्हणजे जवळीक वाढतेच असं नाही.

प्रश्न : शाहरुख खानचा ‘जोश’ ‘वेस्ट साइड स्टोरी’वरूनच घेतला होता ना? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : हो, बराचसा. मन्सूर खान यांचा २०००चा चित्रपट, वास्कोतल्या ‘बिच्छू’ आणि ‘ईगल’ या टोळ्या. मॅक्सच्या, म्हणजे शाहरुखच्या, बहिणीचं प्रेम दुसऱ्या टोळीच्या म्होरक्याच्या भावावर. फरक एवढाच की आपल्याकडे प्रियकराला मरू दिलं नाही.

प्रश्न : युरोपीय दिग्दर्शकानं येऊन मराठी रंगभूमीवर असं काही केलं आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : केलं आहे, आणि चांगलं केलं आहे. फ्रिट्झ बेनेविट्झ हे वायमारचे, पूर्व जर्मनीतले दिग्दर्शक १९७०पासून भारतात येत राहिले. सत्तरच्या दशकात विजया मेहतांबरोबर त्यांनी ब्रेख्तचं ‘कॉकेशियन चॉक सर्कल’ मराठीत आणलं, चिं. त्र्यं. खानोलकरांच्या रूपांतरातून, ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नावानं. पाहुण्यानं इथल्या नटांना जर्मन ब्रेख्त शिकवला नाही, आपल्या लोकनाट्याची ताकद ओळखून ती वापरू दिली. त्याच वळणावर पुढे १९७८मध्ये थिएटर ॲकॅडमीनं पु. लं.चा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. मूळ ‘थ्रीपेनी ऑपेरा’ ब्रेख्त आणि कुर्ट व्हाइलचा. आपण त्यात लावणी घातली, नाट्यसंगीत घातलं आणि नंदू भेंडेंच्या आवाजात रॉकही घातलं. बर्लिनच्या जाणत्यांनी तेव्हा पत्र लिहिलं असतं तर आपण काय उत्तर दिलं असतं, याचा विचार करावा. उलट दिशेचंही उदाहरण आहे. विजयाबाईंनी जर्मनीत जाऊन जर्मन नटांकडून संस्कृत नाटकं करून घेतली. तिथल्या संस्कृत पंडितांनाही दुष्यंत जर्मन बोलतो म्हणून वाईट वाटलंच असेल, पण नाटक झालं.

शेवटी सांगलीच्या वाचकांना, कारण तिकिटं त्यांच्याकडे आहेत. खेळ ब्रॉडवे थिएटरात, ५३व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. न्यूयॉर्कमधला पहिला प्रयोग झाला ते विंटर गार्डन ब्रॉडवे या रस्त्यावरच दोन-तीन चौक खाली आहे, वाटेत पाहून घ्या. अगदी पुढच्या रांगेतली तिकिटं असतील तर शक्य झाल्यास मागची किंवा वरच्या मजल्यावरची पुढची घ्या. पडदा एवढा मोठा आहे की पहिल्या रांगांतून मान दुखेल आणि नट कुठं, चित्र कुठं याचा मेळ बसणार नाही. मध्यंतर नाही, म्हणजे चहाही नाही. जाण्यापूर्वी खाऊन घ्या आणि वेळेवर पोहोचा. सिनेमा मात्र पुन्हा पाहून जाऊ नका. परत आल्यावर पाहा, मग दोन्हींतला फरक नीट दिसेल.  आणि आल्यावर आम्हाला चार ओळी जरूर लिहा : मारिया गिरक्या घेत गाते ती जागा रिकामी जाणवली का, तेवढं कळवा.